तांदळाच्या डब्यातला मुक्काम

मी रिमोट बोलतोय. अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या एका टाउनहाउसमधून, आणि नेमकं सांगायचं तर तांदळाच्या डब्यातून. या, बसा. मला सवडच सवड आहे.

माणसं ओळखायला मी दुकानातल्या खुंटीवर लटकून शिकलो. जो हातात घेऊन मुकाट्यानं जोखतो, तो चांगला धनी. जो दुकानदारालाच रिमोट म्हणजे काय ते समजावतो, त्याच्या घरी जाणं म्हणजे जन्मठेप. रवींद्र या दुसऱ्यातला. जुन्या रिमोटला त्यानं बटणं दाबदाबूनच संपवलं होतं.

त्याची बायको नेत्रा. तिच्या धाकट्या बहिणीचं पुण्याला लग्न झालं, पण व्हिसाचे कागद अडकले आणि हिला जाता आलं नाही. आईनं लग्नाची कॅसेट पाठवली. इथल्या मशीनवर लावली तर पडद्यावर नुसत्या पट्ट्या. तिकडची कॅसेट इकडे चालत नाही. मग रवींद्रनं इथल्या भारतीय दुकानातून तिची डीव्हीडी करून आणली. केली दुकानदारानं, यानं पिशवी तेवढी उचलली. पण घरात अट घातली, "मी कन्व्हर्ट करून आणलीय ना? मग माझ्याशिवाय बघायची नाही."

आणि याच्यासोबत बघायचं म्हणजे काय, ते ऐका.

"पॉज, पॉज! हा फेटेवाला कोण गं?"

"काका."

"कुठले काका?"

"रवी, पुढे जाऊ दे ना."

"थांब गं. कॅमेरावाल्याला लाइटिंगचा सेन्सच नाही यार!"

'शुभमंगल साव' एवढ्यावर नवरदेव अक्षता झेलत गोठायचा, आणि हा हॉलमधल्या पंख्यांवर व्याख्यान द्यायचा. माझं पॉजचं बटण गुळगुळीत झालं, याची जीभ काही झिजली नाही. बरं, एवढं बोलून लक्षात ठेवावा असा एक शब्द नाही! इतका हलका माल मी दुकानातल्या सेलमध्येसुद्धा पाहिला नव्हता.

शेवटी शेवटी नेत्राची आई कॅमेऱ्याजवळ येते आणि म्हणते, "नेत्रा..." दर रविवारी नेमका तिथेच हा मला मागे पळवायचा. "अगं, पंगतीत मठ्ठा होता वाटतं, परत बघू." आई पुढे काय म्हणाली, ते पोरीला कळेचना. ती उशी पोटाशी आवळून बसायची.

गेल्या रविवारी आई पडद्यावर आली, यानं पॉज दाबला आणि याचाच फोन वाजला. बोलत बोलत गडी मागच्या अंगणात गेला. एरवी मला खिशात घालून नेतो. त्या दिवशी सोफ्यावर विसरला. नेत्रानं मला उचललं. प्लेच्या बटणावर अंगठा ठेवला. दाबलं.

"नेत्रा, नीट दिसतंय ना गं? फार आठवण आली तुझी. आणि रवींद्ररावांना म्हणावं, पोरीला जरा निवांत बघू द्या."

नेत्रा हसली. इतकी हसली, की स्वेटशर्टच्या बाहीनं डोळे पुसावे लागले. मग तिनं ते पुन्हा ऐकलं.

रवींद्र आत आला. "पुढे नाही ना गेलीस? रिमोट कुठंय?"

"तुझ्याकडेच असतो ना रे?"

तेव्हापासून शोध चालू आहे. सोफ्याच्या फटी झाल्या, गाडी झाली, कचऱ्याची पिशवीसुद्धा झाली. नेत्रा संध्याकाळी डबा उघडते, मला हळूच बाजूला सारते, तांदूळ काढते. याला भात रोज लागतो, पण तांदूळ कुठे असतात, हे लग्नानंतर कधी विचारलेलं नाही.

तुम्ही गेलात कधी त्यांच्याकडे, तर वरण-भात पोटभर जेवा. माझ्याबद्दल मात्र त्याच्यापाशी चकार शब्द काढू नका. इथं फार शांतता आहे हो.