धाकटीची वर्गवारी

आमची धाकटी माझ्याच कंपनीत लागली, तेव्हापासून तिच्या मागे एकच शब्द फिरत होता: वशिला. आम्ही लिफ्ट बनवतो आणि बसवतो. मी ड्रॉइंग विभागाची प्रमुख आणि ती माझी बहीण, म्हणजे लोकांच्या मते विषयच संपला. खरं तर हिने अर्ज केलाय हे मला मुलाखत झाल्यावर कळलं. पण कुणाकुणाला सांगत बसणार? समोर मान डोलावतात आणि पाठ वळली की हसतात.

तिला कायम करायचं की नाही हे ठरवण्यासाठी मोठ्या साहेबांनी तिला एक काम दिलं. सगळ्यांनी मिळून काम करावं म्हणून कंपनीत ढीगभर सॉफ्टवेअर जमली होती. गप्पांचं ॲप, कामांचा फलक, सगळ्यांना उघडता येणारी ड्रॉइंग, व्हिडिओवरच्या बैठका. एक कॅलेंडर तर कुणी सुरू केलं हेच कुणाला आठवत नव्हतं. या सगळ्यांची वर्गवारी करायची आणि काय ठेवायचं, काय काढायचं ते सांगायचं.

संगणक विभागाच्या प्रमुखांना हे रुचलं नाही. उठसूट सगळ्यांचे संगणक बंद करून काहीतरी नवीन चढवत असल्यामुळे त्यांना पाठीमागे सगळे ‘अपडेट’ म्हणत. त्यांचा तक्ता तयारच होता: गप्पांची एका रांगेत, व्हिडिओची दुसऱ्या, फाइलींची तिसऱ्या. प्रत्येक रांगेतलं एकेक ठेवा, बाकीची काढा. दिसायला देखणा होता, नाही कशाला म्हणू?

बैठकीत धाकटी बोलायला उभी राहिली. तिने आधी तक्ता वगैरे काही काढला नाही.

“सर, साइटवर लिफ्ट बसवणाऱ्या आपल्या मिस्त्रींना जरा फोन लावता?” ती अपडेटना म्हणाली.

त्यांनी लावला. लागेना. मिस्त्री शाफ्टमध्ये उतरले होते. लिफ्ट ज्यातून वरखाली करते त्या चार भिंतींच्या आत नेटवर्क पोचत नाही.

“आता व्हिडिओवर बोलवा. नाहीतर ॲपवर विचारा, ताबडतोब सांगा म्हणून.”

तेही करून झालं. तिकडे सगळं ढिम्म.

“तुमच्या तक्त्यात ही वेगवेगळ्या रांगांत आहेत,” धाकटी म्हणाली, “पण गप्प सगळी एकदमच झाली. कारण सगळ्यांनाच समोरचा माणूस आत्ताच्या आत्ता हवा असतो. म्हणून माझ्याकडे ती एका वर्गात आहेत.”

मग तिने पडद्यावर एक ड्रॉइंग उघडलं. दाराच्या चौकटीपाशी मिस्त्रींनी आदल्या संध्याकाळी टीप लावली होती: भिंत आत आलीय, चौकट अरुंद करा. त्याखाली वर्कशॉपच्या सकाळच्या पाळीचं उत्तर होतं: केली. दोघांची गाठही पडली नव्हती आणि काम झालं होतं.

“हा दुसरा वर्ग. माणसं एका जागी आहेत की लांब, आणि एका वेळी आहेत की वेगवेगळ्या, एवढंच मी पाहिलं. त्याचे चार कप्पे झाले, हे बघा पडद्यावर. आपली बहुतेक माणसं लांबही असतात आणि वेगळ्या वेळीही. आणि आपण हौस भागवतोय ती मात्र एका वेळी जमण्याची.”

“पण गप्पांचं ॲप तुम्ही दोन कप्प्यांत टाकलंय,” अपडेट म्हणाले. “एक वस्तू दोन ठिकाणी, ही कसली वर्गवारी? असो, ताई पाठीशी असल्यावर काय, सगळं खपतं.”

माझं डोकंच फिरलं. मी खुर्ची मागे सारली. पण धाकटीने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी निमूट बसले. आमच्या घरी नजरेने गप्प करण्याचा मक्ता आजवर माझ्याकडे होता.

“मी वस्तूची नाही, वापराची वर्गवारी केलीय,” ती शांतपणे म्हणाली. “इथे वर ऑफिसात आपण त्यावर समोरासमोर बसल्यासारखं बोलतो. वर्कशॉपवाले पुढच्या पाळीसाठी निरोप ठेवतात. इथलं काढा हवं तर. तिथलं काढलंत तर संध्याकाळच्या माणसांना सांगणार कोण?”

“मग काढायचं काय?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“ड्रॉइंग विभागाची रोजची व्हिडिओ बैठक.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. ती बैठक माझी. मी सुरू केलेली. किती शिस्तीत चालते याचं कौतुक मी जेवताना हिलाच ऐकवत असे.

“मी बसून पाहिलीय,” धाकटी पुढे म्हणाली. “फलकावर आधीच लिहिलेलं सगळे वाचून दाखवतात. आणि त्या बैठकीला फोन लागावा म्हणून मिस्त्री तोवर हातातलं काम टाकून शाफ्टबाहेर उभे असतात.”

“हे त्यांना आधी सांगितलं होतंत?” साहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

“नाही. दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही, मग त्यांनाच का सांगू?”

माझे कान तापले. मिस्त्रींनी कधी चकार शब्द काढला नव्हता, आणि मलाही कधी विचारायचं सुचलं नव्हतं. राग आला, नाही असं नाही. पण त्या रागाच्या वर काहीतरी उसळून आलं. भर सभेत माझ्या बैठकीवर काट मारताना पोरीचा आवाज जरासुद्धा कापला नव्हता.

“तुमचं काय म्हणणं?” साहेबांनी मला विचारलं.

“बंद करा,” मी म्हणाले. “तिचं बरोबर आहे.”

साहेब हसले. बैठक बंद झाली, वर्गवारी मंजूर झाली आणि धाकटी कायम झाली, सगळं तिथल्या तिथे.

बाहेर पडताना अपडेट माझ्याशेजारी आले. “अहो,” ते हळूच म्हणाले, “ही बहीणच ना तुमची?”

“सख्खी,” मी म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले.