बाईंना हाक

त्या शनिवारी दुपारी आई जेवणाच्या टेबलावर मेलेल्या मुलीला कापत होती. म्हणजे कागदाच्या. येशूने हात धरून उठवलेली बारा वर्षांची मुलगी, तिचे आईवडील, एक खाट. कापलेल्या प्रत्येक चित्राच्या पाठीला ती फ्लॅनेलचा तुकडा डकवायची. मग ते फ्लॅनेलच्या फळ्यावर नुसतं टेकवलं तरी राहायचं. तीस वर्षं दर रविवारी चर्चमागच्या खोलीत ती लहान मुलांना अशाच गोष्टी सांगत आली होती.

"आई, ही मेलेली आहे ना? मग गाल एवढे लाल कसे?"

"उठल्यावर परत रंगवत बसू का? तुझी अक्कल पुस्तकातच राहू दे."

मी हसले. तीही हसली आणि कात्री खाली ठेवून म्हणाली, "माझे गुडघे आता त्या बुटक्या खुर्च्यांवर बसू देत नाहीत. माझ्यानंतर वर्ग तूच घे. तुझ्याइतकं वाचलेलं आहे कोण आपल्यात?"

"बघू."

"तुझं 'बघू' म्हणजे 'नाही', एवढं मला कळतं. का, ते कळत नाही."

कारण एका वाक्याचं होतं. माझा देवावरचा विश्वास अठराव्या वर्षीच गेला होता. कुठला धक्का बसला नव्हता. एक दिवस लक्षात आलं, की तो नाहीये. तरी दर रविवारी मी तिच्या शेजारी उभी राहून गात होते. ते वाक्य त्या दुपारी जिभेवर आलं होतं, तेवढ्यात "गोंद संपला" म्हणत ती उठली. "थांब, मी जाते," असं म्हणायला हवं होतं. मी हातातल्या पुस्तकाचं पान उलटलं.

दुकानाच्या पायरीवर ती कोसळली. दवाखान्यात पोचेपर्यंत करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दफनानंतरच्या रविवारी पाळकसाहेबांनी मला चर्चच्या दारातच गाठलं. "फक्त आजचा दिवस. मुलं येऊन बसलीत गं."

मला नाही म्हणता आलं नाही. अकरा मुलं होती. आईने कापून ठेवलेली चित्रं मी एकेक करून फळ्यावर लावली, मुलीला खाटेवर आडवं केलं.

"आता आम्ही ओरडायचं," पुढचे दात पडलेली एक मुलगी म्हणाली. "बाई नेहमी आम्हालाच ओरडायला लावतात."

"ऊठ!" सगळे ओरडले. मी कागदाच्या मुलीला उभं केलं. टाळ्या पडल्या.

"आणि आपल्या बाई?" तिने विचारलं.

"त्या वारल्या, बाळा."

"ही पण मेलीच होती की."

यावर आईकडे उत्तर असतं. मी फळ्यावरची खाट सरळ करत राहिले.

"तुम्ही हाकच मारली नसेल," ती म्हणाली. "मोठी माणसं नुसती रडत बसतात."

मी काही बोलायच्या आत अकराही जणांनी छताकडे तोंड करून हाक मारली, "बाई, उठा!" मग सगळे हाताची घडी घालून गप्प बसले, आईने शिकवलं होतं तसे. कुणी हसत नव्हतं. बाहेर कुणीतरी बाक सरकवलं, तशा सगळ्या माना दाराकडे वळल्या.

माझीही वळली.

दार उघडलं नाही.

"आमचा आवाज पोचत नाहीये," दात पडलेली म्हणाली. "तुम्ही मारा ना. तुमचीच आई आहे ती."

सगळे माझ्याकडे बघत होते. बाईंची मुलगी हाक मारेल आणि बाई येतील, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. मी उठून दाराकडे तोंड केलं.

"आई," मी म्हणाले, आणि पुढचं मला थांबवता आलं नाही. "आई, माझा विश्वास नाही गं. वीस वर्षं झाली. मी इथे फक्त तुझ्यासाठी येत होते."