चुन्याचा जिना

आमच्या बाबांनी एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकत नाहीत. स्टील प्लांटच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये, लोखंडी सांगाडे बनवण्यात, चौतीस वर्षं काढलेला माणूस. तिथे प्लेट कापायच्या आधी अख्खी वस्तू खऱ्या मापात जमिनीवर खडूने आखतात. त्यामुळे रिटायर होऊन प्लांटचं क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा कुरुदला घेतलेल्या प्लॉटवरचं घर त्यांनी कागदावर काढलंच नाही. सरळ जमिनीवर चुन्याने आखलं.

प्लॉट रुंदीला जेमतेम बारा फूट. खाली बैठक, मधे जिना, मागे बाबांच्या अवजारांची खोली. स्वयंपाकघर आणि झोपायची खोली वर. वरचा मजला आखायला जागा उरली नाही, म्हणून तो शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर!

"सिंधू, चालून पाह्य आपल्या घरात," बाबा म्हणाले.

आई पदर खोचून निघाली. बैठकीतून गेली, जिन्याच्या तेरा रेषा ओलांडल्या आणि स्वयंपाकघरात पोचली.

"कसं वाटलं?"

"चांगलं हाय."

माझं डोकंच फिरलं. गुडघ्यांपायी आई क्वार्टरच्या तीन पायऱ्याही माझा हात धरून उतरते.

"बाबा, सपाट जमिनीवर कोणीबी चढन!"

"सात इंचाची पायरी हाय मोना. एकदम स्टँडर्ड," बाबा चिडले. समोरच्या बांधकामावरून विटा आणून त्यांनी खऱ्या तीन पायऱ्या रचल्या. आई पहिली चढली. दुसरीवर तिने माझा खांदा घट्ट धरला. तिसरीकडे नुसतं पाहिलं.

"कावून नाही सांगितलं तू?" बाबांचा आवाज उतरला होता.

"तुमी इतके खूश होऊन राहिले होते. म्हटलं, एकदा वर गेली का वरच राहीन. मले खाली काय काम?"

  बाबा आखलेल्या अवजारांच्या खोलीत गेले आणि पायाने चुन्याच्या रेषा पुसू लागले. त्या खोलीची स्वप्नं ते मी शाळेत होते तेव्हापासून पाहत होते.

"तू खाली राह्य. माझं सामान जाते वर."

"एवढं जड?"

"मी चढतो न."

आईला विटांवरून त्यांनीच उतरवलं.

"मंग स्वयंपाक समोर पायजे," ती हळूच म्हणाली. "येनारे-जानारे दिसले पायजे मले."

बाबांनी चुन्याचं घमेलं तिच्यापुढे धरलं.

"आख."