तीनदा घासलेला स्मोकर

"हे धूड आता कुणाच्या डोक्यावर ठेवायचं? आपल्या खोलीत माणसं तरी धड मावतात का?"

मित्रांनो, तीन मजले चढून आल्यावर माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. बोलल्या त्या कांताबाई. मला उचलून आणणारा त्यांचा मुलगा हितेंद्र धापा टाकत नुसता हसला.

मी एक जुना स्मोकर आहे. जुना म्हणजे वयाने जेमतेम सव्वा वर्षाचा. पण गंज काही वय विचारून चढत नाही. धुरावर मासे-कोंबडी शिजवायच्या लोखंडी पेटीला स्मोकर म्हणतात. बाजूच्या खणात निखारे आणि लाकडाचे तुकडे घालायचे. त्यांचा धूर माझ्या पोटातून फिरतो आणि आतला बांगडा असा शिजतो, की काट्यावरून आपोआप सुटतो. निदान मला तसं सांगितलंय. माझ्या पोटात अजून एकही बांगडा शिजलेला नाही.

माझा जन्म डिलाईल रोडवरच्या एका वेल्डिंगवाल्याच्या गाळ्यातला. तिथे आम्ही दोघे विकायला उभे होतो. एक चकाचक, पण पत्रा पापडासारखा. दुसरा मी, जाड आणि बोजड. हितेंद्र चकाचकवर भाळला होता. तो एका हॉटेलात तंदूरवर होता. हॉटेल बंद पडलं, तेव्हा घरूनच धुरावरचे बांगडे विकायचं त्याने ठरवलं. सोबत त्याचे वडील होते, भिकाजी. सगळी चाळ त्यांना नाना म्हणते. नानांनी सव्वीस वर्षं गिरणीचा बॉयलर पेटवला. गिरणी गेली, खोकला तेवढा नानांकडे राहिला.

नानांनी खिशातून उदबत्तीचा पुडा काढला. आम्हा दोघांच्या पोटात तीन-तीन पेटवून ठेवल्या आणि झाकणं लावली.

"आता बघ, धूर खंयसून येता तो."

चकाचकच्या चारी कडांतून धूर निघाला. माझा निघाला तो फक्त धुराड्यातून, सरळ वर.

"ह्यो घे," नाना म्हणाले. "ह्याका श्वास घेऊक येता."

एवढं बोलून त्यांना स्वतःलाच उबळ आली. ती थांबेपर्यंत हितेंद्र माझ्या बिजागऱ्या तपासत राहिला.

नव्या स्मोकरमध्ये लगेच मासे घालत नाहीत. आधी आतून गोडं तेल चोळायचं, मग रिकामाच तीन तास पेटवायचा. आत काळा, चिवट थर बसतो. तो थर म्हणजे आमची कातडी. तो असला की गंज धरत नाही आणि माशाला लोखंडाची चव लागत नाही.

पहिल्या रविवारी गच्चीवरच्या पत्र्याखाली नानांनी मला पेटवलं. एकेक कोळसा चिमट्याने लावत होते. "आगीक घाई करूची नसता," असं मलाच सांगत होते. किती वर्षांनी त्यांच्या हाताखाली काहीतरी तापत होतं! शेजारचे अभयकाका म्हणाले, "नाना, दहा वर्षांनी लहान दिसताय!" त्या दिवशी नानांनी दम्याचा पंप किती वेळा ओढला ते माझ्या लक्षात आलं नाही. कांताबाईंच्या आलं.

सोमवारी सकाळी त्या काथ्या, राख आणि चिंच घेऊन वर आल्या आणि मला आतून लख्ख घासलं.

"आई! अगं, तो थर मुद्दाम चढवला होता!"

"मला मेलीला काय ठाऊक! माझ्या घरात काळं भांडं राहत नाही."

सगळी चाळ हसली. पुढच्या रविवारी पुन्हा तेल, पुन्हा नाना, पुन्हा तीन तास. या खेपेला हितेंद्रने माझ्यावर कागद चिकटवला, 'घासू नये'. कांताबाईंनी कागद जपून काढला, तारेच्या घासणीने मला घासलं आणि कागद होता तिथे परत चिकटवला.

मला एकच गोष्ट खटकायची. घासताना खालून नानांचा खोकला ऐकू आला, की कांताबाईंचा हात थांबायचा आणि मग दुप्पट जोराने चालायचा. त्या पुटपुटायच्या, म्हणून मला कळलं. छातीच्या डॉक्टरांचा कागद कपाटात होता. धुराजवळ जायचं नाही, असं त्यात लिहिलं होतं. तो तिघांनीही वाचला होता आणि तिघेही त्यावर बोलत नव्हते. नानांशिवाय हितेंद्रला धुराचं गणित जमत नव्हतं. आणि नानांना खाली बसवणं म्हणजे त्यांची गिरणी दुसऱ्यांदा बंद करणं.

आज मी गच्चीच्या कोपऱ्यात आहे. माझ्या पोटात कपडे वाळत घालायचे चिमटे असतात. हितेंद्र दिवसभर दुचाकीवरून दुसऱ्यांची जेवणं पोचवतो. खोलीपासून गच्चीपर्यंत एकच जिना आहे, पण नानांना तोही आता चढवत नाही. मित्रांनो, तुमच्या घरी लोखंडाची वस्तू असेल तर तिला तेलाचा हात लावा, घासून घासून उघडी पाडू नका. मला एवढंच सांगता येतं. माणसांना कसं जपावं ते मला कळलेलं नाही.

मात्र गटारीच्या आदल्या दिवसाचं सांगायला हवं. चौदा घरांनी बांगडे सांगितले होते. ही गटारी चुकली तर पुढे श्रावण, मग गणपती. दीड महिना मासे कुणी विचारणार नव्हतं. मासे मसाला लावून बर्फाच्या टबात ठेवले होते. आदल्या रविवारी नानांनी तिसऱ्यांदा थर चढवला होता. हितेंद्रने माझं झाकण उघडलं. मी आतून तिसऱ्यांदा लख्ख होतो, आणि रात्रीच्या दमट हवेने वर तांबूस गंजही धरला होता.

"आई, तिसऱ्यांदा? माझं बरं झालेलं बघवत नाही का तुला?"

"असू दे रे," तेल मागत नाना म्हणाले. "तेल हाड. तीन तासांत तयार करतंय."

ते वाकले आणि उबळ आली. माझ्या झाकणाची मूठ धरून ते खाली बसले. पंप ओढला, पुन्हा ओढला. हितेंद्र बर्फाच्या टबाकडे बघत राहिला.

कांताबाई मधे येऊन उभ्या राहिल्या.

"तेल आणू नकोस. मला सगळं कळतं रे, पहिल्या दिवसापासून कळत होतं. ह्या धुराने तुझे वडील मरतील. आणि ते तुम्हा दोघांनाही ठाऊक आहे."