कडेगावहून सिलिगुडी

"जा रं आता कृष्णात. दुकान किती दिस बंद ठेवतूस?"

सुलाबाई डोळे मिटूनच बोलल्या. कृष्णात आईच्या पायांना तेल चोळत होता.

"आईचं काय खरं न्हाई, निघ," असा धाकट्या भावाचा, दादासोचा फोन आला, तेव्हा तो सिलिगुडीहून विमानानं कडेगावला धावत आला होता. आईनं त्याला ओळखलं. त्याच्या हातानं दोन घास खाल्ले. मग दिवस नुसते जात राहिले. आई उठेना आणि सुटेनाही. कृष्णात रोज उठल्या उठल्या तिच्या छातीकडं बघायचा. एका सकाळी श्वास चालू दिसला आणि त्याच्या मनात आलं, अजून किती दिवस? या विचाराची त्याला इतकी लाज वाटली, की तो उसाच्या बांधावर जाऊन दुपारपर्यंत बसून राहिला.

सिलिगुडीत त्याचं गलाईचं दुकान होतं. जुने दागिने वितळवून सोनं शुद्ध करून द्यायचं. नेहमीचे सराफ आता दुसऱ्या गलाईवाल्याकडं जायला लागले होते. बायको क्रांती तिकडं एकटी होती. कधी येताय, असं तिनं फोनवर एकदाही विचारलं नव्हतं.

"तू जा आण्णा," दादासो म्हणाला. "मी हाय की हितं. काय झालं तर कळवतूच."

"कळवून काय गड्या? इमान घावलं तर ठीक, न्हाईतर रेल्वेनं तीन दिस लागत्यात."



निघताना कृष्णात पाया पडला. आईला हात उचलवेना. त्यानंच तो धरून आपल्या डोक्यावर ठेवून घेतला.

पुण्याहून हावडा, तिथून पुढची गाडी. वाटेत मोठं स्टेशन आलं, की तो फोन लावायचा.

"हाय तशीच हाय," दादासो सांगायचा.

सिलिगुडीत क्रांतीनं दार उघडलं. तो बूट काढत होता, तेवढ्यात फोन वाजला.

"आण्णा, आई गेली," दादासो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "थांबू का तुझ्यासाठी? ऊन लय हाय, पर बर्फ आणतू."

आजचं विमान गेलेलं होतं. उद्याचं धरलं, तरी घरी पोचायला रात्र होणार होती.

"नगं थांबू. अग्नी तूच दे."

"मग व्हिडिओ लावतू. तोंड तरी बघ."

"नगं. फोन कशाला धरतूस? दोनी हातानं नीट खांदा दे."

क्रांती पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. "आवं, निघायचं का परत?" तिनं विचारलं.

"दहाव्याला जाऊ," तो म्हणाला आणि तसाच खाली उतरला.

कोपऱ्यावरच्या न्हाव्याला त्यानं डोक्याचे केस आणि मिशी काढायला सांगितलं. न्हाव्यानं वस्तऱ्यात नवं पातं घातलं आणि हळूच विचारलं, "कौन?"

"माँ."

"घर कितना दूर है?"

कृष्णातनं मिशीवरून एकदा हात फिरवला आणि डोळे मिटले. न्हाव्यानं पुन्हा विचारलं नाही. त्यानं कृष्णातची मान हलकेच पुढं वाकवली आणि केसांना पाणी लावलं.