सात गोणी मिरची

"माल कुठाय?" नाकावर रुमाल धरून सर्वेअरने विचारलं.

"टाकला," शेवंती म्हणाली.

"टाकला म्हणजे?"

"टाकला म्हणजे टाकला. गुरुवारी सकाळी कचऱ्याची गाडी आली, तिच्यात. सात गोणी मिरची. उचलणाऱ्या दोघांचे हातपाय चुरचुरायला लागले, तर त्यांना खोबरेलसुद्धा मीच दिलं."

सर्वेअरचं नाव शिरधनकर. चाळिशीतला माणूस, पावसाळ्यात पांढरे बूट घालून घोडपदेवला आलेला. विमा कंपनीने त्याला नुकसान बघायला पाठवलं होतं आणि इथे बघण्यासारखं नुकसानच नव्हतं. फरशी लख्ख धुतलेली. फिनेलचा वास. मसाला कुटायचं यंत्र धुऊनपुसून उभं, फक्त त्याची मोटर जळलेली. भिंतीवर गुडघ्याच्या वर ओलीची रेघ होती, तीही शेवंतीने घासून घासून निम्मी घालवली होती.

"निदान फोटो तरी?"

"घाणीचे फोटो कोण काढतं?"

बाजूला उभ्या असलेल्या आकांक्षाने कपाळावर हात मारून घेतला. ती शेवंतीची सून. विमा काढायचा हट्ट तिचाच. बुधवारी पाणी भरलं तेव्हा ती अंधेरीला ऑफिसात अडकली होती, आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर सासूबाईंनी पुरावाच धुऊन टाकलेला.

शेवंतीला पुरावा वगैरे ठाऊक नव्हतं. तिला मिरची ठाऊक होती. नवरा कामाला होता ती कापडगिरणी बंद पडली तेव्हा ती लालबागला दुसऱ्याच्या मसाला कांडपात मिरचीची देठं खुडायला बसली, आणि बारा वर्षांनी चाळीच्या तळमजल्यावर तिने स्वतःचं कांडप टाकलं. कांडपात बाई मिरची दिली की समोर बसून राहते. आपल्याच मिरचीचा मसाला आपल्या डब्यात पडतोय ना, हे डोळ्यांत तेल घालून बघते. शेवंतीच्या कांडपात कुणी बसत नसे. दादरच्या, नायगावच्या बायका पिशवी ठेवून बाजार करायला जात आणि परत येताना डबा घेऊन जात. या धंद्यात याहून मोठी गोष्ट नाही. हाताला ओलसर लागलेली एक मिरचीही ती कुटू देत नसे.

आणि बुधवारी भरती आणि पाऊस एका वेळी आले, आणि मोरीतून गटार वर आलं.

काय काय आलं ते सांगू नये, पण सांगितल्याशिवाय कळायचं नाही. घूस आली, मेलेली. लहान मुलांचे लंगोट आले. माणसांचं जे खाली जायचं ते सगळं वर आलं आणि यंत्राभोवती फिरत राहिलं. गोण्या फळ्यांवर होत्या, तरी बुडाल्या. गणपतीला गावी जाणारी माणसं तिच्याकडून वर्षाचा मसाला नेतात, त्यासाठी मे महिन्यात घेतलेला तो माल. पाणी उतरल्यावर तिने एक गोणी उघडली. मिरच्या फुगून टवटवीत झाल्या होत्या, आत्ताच झाडावरून काढल्यासारख्या. ते लाल तकतकीत रूप बघून तिला भडभडून आलं. घाणीत लोळून कुणी इतकं चांगलं दिसू नये.

शिरधनकर आता कागद चाळत होता. "फॉर्ममध्ये लिहिलंय, दुकान रस्त्यापासून तीन पायऱ्या उंच. मला एकच दिसते. तीपण आत उतरायला."

"तीनच होत्या. एजंटाने विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं," शेवंती म्हणाली. "रस्त्याखाली गेल्यात. दर दोन वर्षांनी रस्ता करतात, जुना न खणता वर नवा. चाळ आहे तिथेच आहे, रस्ता चढला. खणून बघा, मिळतील."

"पण हा धोका तुम्ही कळवायला पाहिजे होता ना, काकू."

"कुणाला? मी काय चोरून ठेवला होता रस्ता?"

एजंटाने तेव्हा टेबलावरून मानही वर केली नव्हती. पाणी कुठून येतं, कोणत्या भरतीला येतं, किती वेळात घोट्यावरून गुडघ्यावर चढतं, हे शेवंतीने झोपेतही सांगितलं असतं. विचारलंच नाही कुणी.

"बघा," शिरधनकरने रुमाल खाली घेतला, आवाजही खाली आणला. "माल दिसला नाही तर क्लेम बसत नाही. भिजलेला माल विकून किती आले, त्याचं बिल जोडावं लागतं. बाकीचं कंपनी देते. पण मार्ग आहे. हितेंद्र, ये रे."

दाराबाहेर मघापासून एक जण सुपारी चघळत उभा होता. तो आत आला. हितेंद्रचा धंदा भिजका माल उचलायचा. आग लागो, पाणी भरो, हा सर्वेअरच्या मागोमाग हजर.

"मावशी, टेन्शन नाय घ्यायचं," तो म्हणाला. "बाजूच्या किराणावाल्याची भिजकी मिरची मी उचललीय. चार गोणी टेम्पोत आहेत. दोन मिनटं इकडे उतरवतो, साहेब फोटो मारतील, परत टाकतो टेम्पोत. तुम्ही फक्त मला विकल्याचं बिल फाडायचं, तुमच्या दुकानाच्या नावाचं. खलास."

"आणि त्या मिरचीचं काय करणार?"

"काय म्हणजे? गच्चीवर वाळवायची, थोडा रंग मारायचा, दळायची. सुट्टं तिखट जातं ना सगळीकडे. गाडीवाले घेतात, खानावळी घेतात. शिजल्यावर काय राहतं, मावशी?"

तो हसला. शिरधनकर हसला नाही, पण तोंडही फिरवलं नाही. पेनाचं टोपण काढून तो तयारीत उभा राहिला. शेवंतीला शिसारी आली. बुधवारी कमरेत वाकून हातांनी गाळ उपसताना आली नव्हती, एवढी. गटाराचं काय, ते गटारच असतं. हे दोघे घरून आंघोळ करून, भांग पाडून आले होते.

आकांक्षाने तिला दंडाला धरून मोरीपाशी नेलं. "आई, ती मिरची आपली नाही. तुम्ही बिल द्या, नका देऊ, तो विकणारच आहे. आपण नुसता कागद द्यायचा. नाहीतर गणपतीचा माल कशातून भरणार? मोटर कुठून आणणार? दुकान जाईल आपलं."

पोरगी खोटं बोलत नव्हती, हेच वाईट होतं. शेवंतीने नळ सोडला, हात धुतले, पदराला पुसले.

"तो विकता तर विकूंदे," ती म्हणाली. "माझ्या नावान नाय."

"नावाचं काय घेऊन बसलात!"

"दुसरा आसा काय माझ्याकडे?"

ती बाहेर आली. "लिहा साहेब, माल आढळला नाही. खरंच आहे ते."

शिरधनकरने खांदे उडवले आणि लिहिलं. मोटर जुनी होती, तिचेही फार मिळणार नाहीत, हेही सांगितलं. शेवंतीने जिथे दाखवलं तिथे सही केली, पूर्ण नावाची. हितेंद्रने जाता जाता पायरीवर पिंक टाकली. ती तिने लगेच पाणी ओतून धुतली.

पुढे दुकान गेलंच. महिन्याभरात गाळा मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने दिला. यंत्र भंगारवाला घेऊन गेला. सोमवारपासून शेवंती लालबागला जायची होती, त्याच जुन्या कांडपात, देठं खुडायला. तिथल्या मालकिणीच्या जागी आता त्या मालकिणीची सून बसत होती, एवढाच फरक. आकांक्षा या काळात सासूशी कामापुरतंच बोलली. तुमच्या स्वच्छतेने घर बुडवलं, असं एकदा तोंडावर म्हणालीही.

आदल्या दिवशी, रविवारी, शेवंतीच्या मुलाने, अभयने, बांगडे आणले. मसाल्याचा डबा रिकामा होता. या घरात मसाला कधी विकत आणलाच नव्हता. आकांक्षा खाली गेली आणि नाक्यावरून कागदात बांधलेलं सुट्टं तिखट घेऊन आली.

ओट्यावर तिने पुडी सोडली. तिखट लालभडक होतं. तिने वास घेतला. मिरचीचा होता, चांगला झणझणीत. पुन्हा घेतला. मग पुडी उजेडात धरली. बांगडे चिरून, धुऊन तयार होते, तेल तापलं होतं, आणि ती तशीच उभी.

"आई, जरा बघता?"

शेवंती उठून आली. चिमूटभर तळहातावर घेतलं, अंगठ्याने चोळलं, नाकाशी नेलं, जिभेला लावलं. आयुष्य गेलं होतं तिचं यात.

"चांगली असात," ती म्हणाली. "नसातय. माका नाय कळत."

आकांक्षाने गॅस बारीक केला. पुडीचं तोंड नीट दुमडलं आणि ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग हात साबणाने धुतले आणि बांगडे हळद, मीठ आणि कोकमाच्या आगळावर ठेवले.

जेवायला बसल्यावर अभयने ताटातल्या पिवळ्या कालवणाकडे बघितलं. "हे काय? मसाला नाही?"

"नाही," आकांक्षा म्हणाली, आणि मधला मोठा तुकडा तिने सासूच्या ताटात वाढला.