नवऱ्याआधीचा शब्द

"'लव्हिंग' नको, टिंडल. पुसून टाका," विनिफ्रेड म्हणाली.

टिंडल पाथरवटाने तिच्या नवऱ्याच्या, रेमंडच्या थडग्याच्या दगडावर अक्षरं नुकती खडूने आखली होती. छिन्नी लागायची बाकी होती.

"अगं, डर्बीशरमधल्या प्रत्येक नवऱ्याच्या दगडावर असतं ते," दीर क्लिफर्ड कातावला. "प्रेमळ नवरा! रीतच आहे. इथे काय शाळा भरवतेस?"

शाळेत तिने जन्मभर मुलांना विशेषणं शिकवली होती. निबंधात 'छान' दिसलं की लाल रेघ. नामाबद्दल खरं काही सांगत नसेल तर विशेषण लिहू नका, म्हणायची. ऐन उन्हाळ्यातही ती लांब बाह्या घालून शिकवायची. बाईंना थंडी फार बाधते, असं गावाला वाटे.

"'लव्हिंग' म्हणजे त्याने प्रेम केलं. कुणावर, क्लिफर्ड?"

"मेलेल्या माणसाबद्दल असं बोलवतं तुला?"

"जिवंत बाईबद्दल बोलतेय मी. दर रविवारी मलाच वाचायचंय ते."

क्लिफर्ड पुढे सरसावला. थेट रेमंडसारखा, आधी खांदा. विनिफ्रेड जागची हलली नाही. टिंडल दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला.

सासू हेस्टर बाकावर बसून होती. रेमंडच्या घरात राहूनही आपण कधी काही ऐकलं नाही, असंच ती सांगत आली होती. विनिफ्रेड तिच्याकडे वळली.

"आई, तुम्ही त्याला जीव लावलात. ते खोटं नाही. 'लव्ड' लिहू, पण 'मुलगा' या शब्दाआधी. हेस्टरचा लाडका मुलगा. 'नवरा' या शब्दाआधी काही नको."

"नुसतं 'नवरा'? लोक काय समजतील?" क्लिफर्ड ओरडला. "आई, सांग ना हिला!"

हेस्टर काठी टेकत उठली.

"भिंती पातळ होत्या, विनी," ती म्हणाली. "मला सगळं ऐकू यायचं."

तिने टिंडलच्या बादलीतलं ओलं फडकं उचललं. 'लव्हिंग' एका फटक्यात निघेना. तिने पुन्हा पुन्हा पुसलं. खडूचं पांढरं पाणी तिच्या बाहीत ओघळलं.

"आता 'लव्ड' लिहू ना, 'मुलगा'च्या आधी?" टिंडलने हळूच विचारलं.

"लिहा. ते खरं आहे," हेस्टर म्हणाली.

क्लिफर्डने टोपी काढली. 'नवरा' या शब्दाआधीचा ओला डाग वाळेपर्यंत सगळे तिथेच उभे राहिले.